एसीच्या भरवशावर हस्की

घरात एसी आहे, मग हस्की का नको? रायपूरच्या शंकर नगरात कुत्रा आणायचा विषय निघाला की हा प्रश्न असा टाकला जातो, जणू तेच उत्तर आहे. बंगला ऐसपैस, मुलांचा हट्ट जुना, खिसा समर्थ आणि सायबेरियाची हवा भिंतीवरच्या यंत्रातून हवी तितकी मिळते. मग निळ्या डोळ्यांचं ते देखणं जनावर दिवाणखान्यात का असू नये? युक्तिवाद दिसायला चोख आहे. तो अडतो कुत्र्याच्या शरीरापाशी.

माणसाला अंगभर घाम येतो आणि वारा लागला की तो निवतो. कुत्र्याला ही सोय नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथींचा उपयोग पंजांच्या गाद्यांपुरता. बाकी सगळी भिस्त धापेवर, म्हणजे जीभ, तोंड आणि नाकाच्या ओल्या अस्तरावरून पाणी उडून जाण्यावर. एरवी त्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या घरात असतं. ते ४१च्या वर चढलं की उष्माघाताची हद्द सुरू होते, आणि मग मेंदू, आतडी, मूत्रपिंडं यांच्या नुकसानीचा हिशेब मिनिटांत करावा लागतो. रायपुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असणं ही बातमीसुद्धा नसते. पंचवीस मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तेव्हाचे नऊ दिवस, ज्यांना इथे लहानथोर ‘नवतपा’ म्हणतात, त्या दिवसांत बाहेरची हवाच कुत्र्याच्या रक्ताहून गरम असते. त्यात हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर. वरचा राठ, आतला लोकरीसारखा दाट. हिमात झोपावं लागणाऱ्या कुत्र्यासाठी घडलेला तो पोशाख रायपुरात उतरवून ठेवता येत नाही.

‘पण तो बाहेर जातोच कुठे?’ जातो. शू-शीसाठी दिवसातून दोन-तीनदा तर जातोच, आणि इथेच एसीचा युक्तिवाद स्वतःवर उलटतो. कुत्र्याचं शरीर उन्हाळ्याला सरावू शकतं, पण त्यासाठी काही आठवडे थोडी थोडी उष्णता सोसावी लागते. दिवसभर चोवीस अंशांत लोळणाऱ्या जनावराला हा सराव कधी व्हायचा? दार उघडलं की दर वेळी त्याचा उन्हाळ्याचा पहिलाच दिवस असतो. एसी हस्कीला उन्हापासून वाचवतो हे खरं, आणि त्याच एसीमुळे तो उन्हापुढे कच्चा राहतो हेही तितकंच खरं.

शिवाय त्याला बाहेर नेतं कोण, हे पाहावं. मालक पहाटे पाचला उठून तेलीबांधा तलावाकडे नेणारा असेल तर निम्मा प्रश्न सुटला. बहुतेक घरांत पट्टा ड्रायव्हरच्या किंवा घरकामाला येणाऱ्या मुलाच्या हाती असतो, आणि त्याची वेळ असते दुपारचं काम आटोपल्यावरची, साडेचार-पाचची. तेव्हा हवा जराशी उतरलेली असते, डांबर उतरलेलं नसतं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून ठेवता आली नाही तर त्या रस्त्यावर कुत्र्याला चालवू नये, हा साधा नियम आहे. तो पाळायला थर्मामीटर लागत नाही, फक्त चप्पल घातलेल्या माणसाला वाकावं लागतं.

यावर आणखी एक खास इथलं उत्तर येतं: छत्तीसगडमध्ये वीज जात नाही. कोरबाच्या वीजकेंद्रांवर इथल्या माणसाला अभिमान आहे आणि तो वावगा नाही. पण मे महिन्यातल्या संध्याकाळच्या वादळात तारांवर झाड पडलं की राज्यात किती वीज तयार होते याचा त्या गल्लीला काही उपयोग नसतो. घरातली माणसं लग्नाला नागपूरला गेली आहेत, खोलीला बाहेरून कडी आहे आणि एसी बंद पडला आहे, असा एकच प्रसंग पुरतो. मग येतो पावसाळा. तो उन्हाळ्यापेक्षा सौम्य, असं माणसांना वाटतं. हवाच ओलीचिंब असली की जिभेवरचं पाणी उडेनासं होतं, आणि धापेचं सगळं तंत्र निकामी होतं. दाट केसांखालची कातडी वाळत नाही, खाज आणि बुरशी सुरू होते, कान वाहू लागतात. ‘केस भादरून टाकू’ हा सल्लाही लगेच मिळतो. दोन थरांच्या केसांत वरचा थर उन्हाची धगही अडवत असतो. तो काढला तर कातडी उघडी पडते, आणि नंतर केस पूर्वीसारखे येतीलच असं नाही. आतल्या थराचे गळलेले केस रोज विंचरून काढणं हे खरं काम. ते कंटाळवाणं आहे, म्हणून मशीन फिरवली जाते.

हस्की हे फक्त ठळक उदाहरण. पगचं प्रकरण जास्त दुःखद आहे, कारण तो थंडीतला कुत्रा नसल्याने लोक निर्धास्त असतात. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे गावभर चालणारा पग आला आणि भारतभर पगची लाट उठली. चपटं तोंड, आखूड नाक, अरुंद नाकपुड्या, लांबलेली टाळू. धापेवर जगणाऱ्या प्राण्याची धापेची वाटच चिमटलेली. त्याची घरघर मालकांना गोड वाटते. २०१८ मध्ये ‘पेटा इंडिया’ने, हच विकत घेतलेल्या व्होडाफोनला जाहिरातींतून पग वगळण्याची विनंती केली, ती याच कारणाने. त्या मागणीला नाकं मुरडणाऱ्यांनी जूनमध्ये एखादा पग दोन जिने चढल्यावर पाहावा.

‘हौसेला मोल नाही’ असं म्हणून हा वाद मिटवायची आपल्याकडे पद्धत आहे. मोल असतं. ते हौस करणारा देत नाही, एवढंच.

मोलाचाच विषय निघाला आहे तर ‘पेपरवाल्या’ पिल्लांकडेही वळावं. केनेल क्लबचा कागद आहे म्हणजे पिल्लू उत्तम, हा समज शंकर नगरातच नव्हे, पुण्याच्या कोथरूडमध्येही तितकाच पक्का आहे. त्या कागदावर आई-बाप, आजा-पणजा असतात. खुब्याचे सांधे कसे आहेत, नाकपुड्या मोकळ्या आहेत का, आजा कोणत्या वयात कशाने गेला, यातलं काही नसतं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने पैदाशीसाठी परदेशी कुत्रे आणण्यावर निर्बंध घातले. हेतू चांगला होता, पण ज्या जातींची मुळात थोडीच कुत्री देशात होती त्यांत जवळच्या नात्यातली जुळणी टाळणं त्यानंतर अवघडच झालं असणार. पिल्लाच्या आई-बापांचं आपसातलं नातं किती जवळचं, हा प्रश्न घेणाऱ्याने विचारायला हवा, पण विचारला जातो तो किंमत कमी करण्याचा. २०१७च्या श्वान पैदास आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे. तरीही ‘महिन्याचं आहे, लवकर न्या, लळा लागेल’ असं म्हणणारा विक्रेता भेटतोच. त्या वयाचं पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून एक धडा शिकत असतं, की चावा किती जोरात घ्यायचा. तो धडा अर्धवट टाकून आलेलं पिल्लू पुढे घरातल्या मुलाच्या हातावर उजळणी करतं.

चावण्यावरून दुसऱ्या एका समजुतीचा समाचार घ्यायला हवा: जातिवंत कुत्रा समजूतदार, गावठी बेभरवशाचा. जुलै २०२४ मध्ये शंकर नगराला लागून असलेल्या अनुपम नगरात सामान पोहोचवायला आलेल्या एका माणसावर एका घरातले पिट बुल तुटून पडले. त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि मालकावर गुन्हा दाखल झाला. ती कुत्री उकिरड्यावरची नव्हती, पाळलेली होती, विकत घेतलेल्या जातीची होती. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ नेमकं अशासाठी आहे. ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा जनावराचा नव्हे, राखणाऱ्याचा धरला जातो. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राने तेवीस जातींवर बंदी घालण्याचं पत्र राज्यांना पाठवलं होतं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द ठरवलं. जातींची यादी करून प्रश्न सुटेल अशी आशा करणारे आणि ‘जातिवंत’ म्हणून निश्चिंत राहणारे, दोघेही एकाच चुकीच्या ठिकाणी उत्तर शोधतात. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना विचारलेल्या माहितीवर आधारलेला अभ्यास आला. कुत्र्या-कुत्र्यांतल्या वागण्याच्या फरकापैकी जातीने उलगडतो तो सुमारे नऊ टक्के. बाकी सगळं त्या त्या कुत्र्याचं, त्याच्या बालपणाचं आणि घराचं. जबड्याचा जोर मात्र आकाराने आणि बांध्यानेच ठरतो, हेही विसरू नये. पामेरियनचा राग आणि पिट बुलचा राग दवाखान्यात सारखा दिसत नाही.

जाता जाता, ज्याला आपल्याकडे सरसकट पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी तोच. इंग्रजांच्या काळात इथल्या उन्हाळ्यात टिकेल असा तो इथेच घडवला गेला. एके काळी मध्यमवर्गाच्या घराघरांत असलेला हा कुत्रा आता ‘जुनाट’ म्हणून मागे पडला, आणि त्याची जागा घेतली ती उन्हात तोंड उघडून बसणाऱ्यांनी.

मग देशी कुत्राच का नाही? दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री पाहिली तर सहसा एकही केसाळ दिसत नाही. सडपातळ अंग, आखूड केस, टोकदार तोंड. या हवेने निवडलेलं शरीर ते असं. राजश्री खलप यांचा ‘इंडॉग’ प्रकल्प या कुत्र्याची बाजू बरीच वर्षं मांडतो आहे, आणि शंकर नगरासाठी तीच निवड सर्वांत शहाणपणाची. पण देशी कुत्र्याचे चाहते यापुढे जे बोलतात ते मान्य करता येत नाही. ‘त्याला काही होत नाही हो, लस नको, औषध नको, उरलंसुरलं खातो.’ रस्त्यावरची धट्टीकट्टी कुत्री पाहून हा निष्कर्ष निघतो, आणि जी दिसत नाहीत ती हिशेबातून सुटतात. कोलकात्याच्या ‘आयसर’मधल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने पश्चिम बंगालमध्ये ३६४ पिल्लांचा माग ठेवला. सात महिन्यांपर्यंत जगली ती १९ टक्के. बाकीची गेली. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग पिल्लाची जात विचारत नाहीत. सहा ते आठ आठवड्यांपासून साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत लसींचे डोस, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी पुन्हा, हे देशी पिल्लालाही चुकत नाही.

देशी म्हणजे सगळं एकच, असंही नाही. मराठवाड्याचा आणि पश्चिम महाराष्ट्राचा अभिमान असलेला कारवानी, किंवा त्याचा शेजारी मुधोळ, ही नजरेने शिकार हेरून वाऱ्यासारखी पळणारी जनावरं. २००५ मध्ये मुधोळच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं, पुढे सैन्यानेही त्याला शिकवायला घेतलं, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कारवानी आणणं शहाणपणाचं ठरत नाही. त्याला शेत लागतं. देशाभिमान गॅलरीत बांधून ठेवता येतो, कारवानी नाही.

आता वाटीकडे. इथे वाद जास्त कडवा आहे, कारण प्रत्येक घराकडे स्वतःचा पुरावा असतो. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी वाड्यांत कुत्रं ओट्यावर असायचं आणि दूध-पोळीवर बारा-बारा वर्षं जगायचं, असं आजी सांगते. आजी खोटं बोलत नाही. पण ते कुत्रं दिवसभर मोकळं हिंडायचं, उंदीर मारायचं, खाटकाच्या दुकानामागे जाऊन यायचं, आणि घरी येऊन दूध-पोळी खायचं. आजच्या कुत्र्याच्या नशिबी फक्त घरी परतणं आलं आहे. नुसत्या दूध-पोळीवर वाढणाऱ्या पिल्लाला प्रथिनं कमी पडतात, मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. उलट टोकाला नुसतं मटण-चिकन घालणारे असतात. मांसात स्फुरद भरपूर, कॅल्शियम जेमतेम. शरीर मग ते हाडांतून काढून घेतं आणि वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात.

पाकीटबंद खाद्य विकणाऱ्यांचा दावा याच्या पुढचा: भात म्हणजे विष, कुत्रा तर लांडगाच. छत्तीसगडसारख्या धानाच्या कोठारात बसून हे ऐकणं गमतीचं आहे. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या स्वीडिश संशोधकांच्या अभ्यासाने दाखवलं, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या शेतीबरोबर कुत्र्याचं पोटही बदललं. धान्याला खलनायक ठरवून जे महागडं धान्यविरहित खाद्य बाजारात आलं, त्याचा हृदयाच्या स्नायूच्या विकाराशी काही संबंध आहे का, याची चौकशी जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केली. कारण पक्कं सिद्ध झालं नाही, तरी ‘धान्य नाही म्हणजे उत्तम’ हे म्हणणं त्यानंतर उरलं नाही. मऊ शिजलेला भात, त्यात अंडं किंवा चिकन, थोडा भोपळा, थोडं तेल, हे कुत्र्याचं जेवण होऊ शकतं. अट एकच: कॅल्शियम आणि बाकी क्षारांचा हिशेब पशुवैद्याकडून करून घ्यावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी घरी करायच्या दोनशे पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. हिशेब जमत नसेल तर चांगलं पाकीटबंद खाद्य घेण्यात कमीपणा नाही. दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, रायपुरातही पशुवैद्य आहेत. आहाराचा सल्ला दुकानदाराकडूनच घ्यायचं काही कारण नाही.

‘आम्ही जे खातो तेच तो खातो’ हे वाक्य प्रेमाने उच्चारलं जातं, आणि तेच सर्वांत धोक्याचं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, मग ते फोडणीच्या वरणातून जावोत की उन्हाळ्यातल्या बासीबरोबर, म्हणजे पाण्यात भिजवलेल्या शिळ्या भाताबरोबर. शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात. द्राक्षांतलं टार्टारिक आम्ल त्यामागे असावं असा आता संशय आहे, आणि तेच आम्ल चिंचेतही असतं. चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची प्रकरणंही नोंदली गेली आहेत, म्हणजे चिंच-गुळाची आमटीही त्याच्या वाटीत नको. चॉकलेट नको, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम तर मुळीच नको. शिजवलेलं हाड नको, ते तडकून आतड्यात रुततं. अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देणं हा प्रकार तर सुशिक्षित घरांतच जास्त दिसतो.

आणि जास्त खाऊ घालणं. इथे लॅब्राडॉरवाल्यांशी भांडण अटळ आहे. ‘त्याचं पोटच भरत नाही’ ही त्यांची तक्रार खरी असते. केंब्रिजच्या एलिनॉर रॅफन यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की साधारण चौथा हिस्सा लॅब्राडॉरांत पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. म्हणजे तो मागतो ते भुकेपोटी, पण ती भूक खरी माहिती देत नाही. प्युरिना कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्राडॉरांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला घातलं आणि आयुष्यभर पाहिलं. कमी खाणाऱ्यांच्या आयुष्याचा मध्यक तेरा वर्षं निघाला, दुसऱ्यांचा ११.२. कुत्र्याचं अन्न विकणारी कंपनी कमी घाला म्हणते, तेव्हा तिचं ऐकावं. बरगड्या डोळ्यांना न दिसता बोटांना लागल्या पाहिजेत. शंकर नगरातल्या बऱ्याच लॅब्राडॉरांच्या बरगड्या शोधायला बोटांना परिश्रम पडतात, आणि तो मेदाचा थर मे महिन्यात आणखी एक स्वेटर होतो.

गोचिडांबद्दल मात्र सगळ्या मतांचे लोक सारखेच निष्काळजी आहेत. कुत्र्याच्या अंगावरून चार गोचिडं वेचली, डेटॉल लावलं, काम झालं. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आयुष्याचा मोठा भाग कुत्र्यावर काढतच नाही. ती भिंतीच्या फटींत, चटईखाली, पायऱ्यांच्या सांध्यांत असते आणि एकेक मादी तिथे हजारो अंडी घालते. उष्ण हवामान तिला मानवतं. तिच्यातून येणारा एर्लिकिया हा जिवाणू रक्तातले बिंबाणू घटवतो: ताप, सुस्ती, नाकातून रक्त. आजार वेळेत कळला तर गोळ्यांनी बरा होतो. औषध कुत्र्यावर आणि फवारणी घराच्या फटींत, दोन्ही एकाच आठवड्यात व्हायला हवं.

शेवटचा आक्षेप रास्त आहे: ज्यांनी हस्की आणलाच आहे त्यांनी काय करावं? सोडून तर नक्कीच देऊ नये. वाऱ्यावर सोडलेला हस्की रायपुरात एक उन्हाळाही काढू शकणार नाही. फिरवणं पहाटे साडेपाचपूर्वी आणि रात्री नऊनंतर, हे पट्टा धरणाऱ्या माणसाला स्वतः सांगावं, आणि त्याचं कामाचं वेळापत्रक त्याप्रमाणे बदलून द्यावं. इन्व्हर्टर असेल तर कूलर त्यावर घ्यावा. धाप थांबत नसेल, हिरड्या लाल झाल्या असतील, चाल डगमगत असेल, तर आधी अंगावर पाणी ओतून पंखा लावायचा आणि मगच गाडी काढायची. नुसतं दवाखान्याकडे धावण्यात तीच महत्त्वाची मिनिटं जातात. आणि त्याच्यासाठी किंवा तिच्यासाठी जोडीदार शोधू नये. ‘एकदा पिल्लं होऊ द्यावीत म्हणजे मादी निरोगी राहते’ या समजुतीला पशुवैद्यकात आधार नाही. नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका वयाबरोबर वाढत जातो, आणि ती शस्त्रक्रिया तेव्हा ठरवून नव्हे, रात्री-बेरात्री करावी लागते.